गाणं फुकट, गायक जामिनावर

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात दर ऑगस्टला मोठी जत्रा भरते. आपल्या जत्रेत मौत का कुआँ असतो, तिथे लोण्याची गाय असते. खऱ्या गायीएवढी, सुमारे सहाशे पौंड लोणी थापून केलेली, काचेमागे थंडाव्यात उभी. एरवी लोक ती गाय बघायला येतात. निवडणूक जवळ आली की गायीच्या जोडीला पुढारीही बघायला मिळतात. रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीची पहिली चाचणी याच राज्यात होते. त्यामुळे अध्यक्ष व्हायची इच्छा असलेला प्रत्येक जण इथे येऊन काडीला टोचलेलं मांस खातो आणि आपल्याला शेणामातीचा वास किती आवडतो ते सांगतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये इथे विवेक रामस्वामी आले. वय अडतीस. आईवडील केरळातून गेलेले, घर तमिळ, जन्म सिनसिनाटीचा, शिक्षण हार्वर्ड आणि येलचं, पैसा औषधांच्या धंद्यातला आणि तोही पोत्याने. गव्हर्नरबाईंबरोबरच्या गप्पांचा कार्यक्रम संपला, कर्ण्यावर एमिनेमचं 'लूज युवरसेल्फ' लागलं आणि रामस्वामींनी माइक धरून ते स्वतःच म्हणायला घेतलं. अंगात आल्यासारखं.

हे गाणं '८ माइल' या २००२ च्या सिनेमातलं. डेट्रॉइटच्या कडेला, चाकांवरच्या घरात राहणारा पोरगा एका माइकच्या भरवशावर नशीब काढायला निघतो, त्याची ही गोष्ट. ऑस्कर मिळवणारं हे पहिलं रॅप गाणं. रामस्वामींनाही नशीबच काढायचं होतं, फक्त आधीचं नशीब मोजून झाल्यावर. शौक मात्र जुना. हार्वर्डला असताना ते 'दा वेक' या नावाने रॅप करत. कॉलेजात आपणही काय काय करतो. पण त्याची रंगीत तालीम वीस वर्षांनी अध्यक्षपदासाठी करत नाही.

दहा-अकरा दिवसांत पत्र आलं. तिकडे गाण्यांच्या परवान्यांचा हिशेब बीएमआय नावाची संस्था ठेवते. प्रचारयंत्रणा तिच्याकडून एकगठ्ठा परवाना घेते, लाखो गाण्यांचा, जशी आपण केबलवाल्याकडून सगळी चॅनेलं घेतो तसा. पण त्या परवान्यात एक कलम असतं: गीतकाराने हरकत घेतली तर त्याची गाणी गठ्ठ्यातून काढता येतात. एमिनेमने हरकत घेतली, गाणी निघाली, रामस्वामींचा माइक थंड झाला. हेच गाणं २०२० मध्ये मतदानाच्या आदल्या दिवशी जो बायडन यांच्या प्रचारफितीत वाजलं होतं आणि तेव्हा एमिनेमनेच ते दिलं होतं. तेव्हा तत्त्व वगैरे काही नाही. पोरगी कुणाला द्यायची ते बाप ठरवणार, एवढंच.

ही बातमी वाचताना मी काळा माणूस शोधत होतो. कृष्णवर्णीयांनी उभं केलेलं संगीत, ते परक्याने राजकारणासाठी वापरलं म्हणून भांडण, आणि भांडणारे कोण? एक गोरा आणि एक तमिळ. गाणं रचणाऱ्यांत बघावं तर एमिनेमच्या जोडीला जेफ बास आणि लुइस रेस्टो. म्हणजे वाड्याचा वाद चाललाय, दोन्ही बाजूंचे वकील उभे आहेत, आणि वाडा बांधणारा साक्षीदारांच्या यादीतही नाही.

एमिनेमची बाजू घ्यायची तर, आपण कुणाच्या घरात राहतो हे त्याने लपवलेलं नाही. डॉ. ड्रे या काळ्या निर्मात्याने हाताला धरून आत आणलं, हे तो सांगत आला आहे. पण ऑक्टोबर २०१७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या बीईटी वाहिनीच्या सोहळ्यात त्याने ट्रम्पना चार मिनिटं झोडपलं, तेव्हा अमेरिकेला एकदम कळलं की रॅपमध्ये राजकीय मत मांडता येतं. पब्लिक एनिमीवाले १९८७ पासून दुसरं काय करत होते? भजन?

*

या एकाच गाण्याने न्यूझीलंडमध्येही घोटाळा केला आहे. तो इतका चविष्ट आहे की जरा सावकाश सांगतो.

२०१४ ची निवडणूक. तिथल्या नॅशनल पार्टीने जाहिरात काढली. निळ्या कपड्यांतले वल्हवणारे एका लयीत होडी हाकताहेत, म्हणजे देश पुढे चाललाय. इतरांची होडी जागच्या जागी, म्हणजे विरोधक. मागे गिटारची ती ओळखीची धुसफूस. एमिनेमची? छे, छे. पार्टीने तयार संगीताच्या दुकानातून रीतसर पैसे मोजून घेतलेली चीज ती. फक्त त्या चिजेचं नाव होतं 'एमिनेम एस्क', म्हणजे एमिनेमछाप. चोराने पोत्यावर 'शेजारच्यांचे तांदूळ' असं लिहून ते खांद्यावर टाकावं, तसं हे. पत्रकारांनी विचारलं तेव्हा पक्षाचे मंत्री म्हणाले की, तसं बऱ्यापैकी कायदेशीर आहे. 'बऱ्यापैकी कायदेशीर' हा शब्दप्रयोग मला फार आवडला. आमच्या सोसायटीची गच्चीवरची खोली तशीच आहे.

एमिनेमच्या प्रकाशकांनी दावा लावला. २०१७ मध्ये वेलिंग्टनच्या उच्च न्यायालयात काळे झगे घातलेल्या वकिलांसमोर दोन्ही गाणी वाजवली गेली. कुणाचीही मान हलली नाही, पायही नाही. गोऱ्यांच्या देशातल्या गोऱ्या पक्षाने एका गोऱ्या रॅपरची नक्कल केली की नाही, हे ठरवायला न्यायमूर्ती गंभीरपणे ठेका ऐकताहेत: यापेक्षा गंमतशीर मैफल हिपहॉपच्या इतिहासात झाली नसेल. निकाल लागला: सहा लाख न्यूझीलंड डॉलर भरा. अपिलात ते २०१८ मध्ये सव्वादोन लाखांवर आले.

आणि तरी मी म्हणेन, राजकारण्यांनी हिपहॉपशी केलेल्या व्यवहारांत हा सर्वांत स्वच्छ. माल उचलला, पकडले गेले, पैसे भरले. बाकीच्या गोष्टींत पैसे भरणारा नेहमी दुसराच निघतो.

*

उदाहरणार्थ, जून १९९२. बिल क्लिंटन अध्यक्षपदाला उभे आहेत. ३ जूनला ते आर्सेनियो हॉल या काळ्या सूत्रसंचालकाच्या कार्यक्रमात काळा चष्मा लावून सॅक्सोफोन वाजवतात. पोरं खूश. बरोबर दहा दिवसांनी, १३ जूनला, ते जेसी जॅक्सन यांच्या संघटनेच्या व्यासपीठावर जातात आणि तिथे आदल्याच दिवशी बोलून गेलेल्या सिस्टर सोल्जा या रॅपर मुलीला फटकारतात. लॉस एंजेलिसच्या दंगलीनंतर ती जे बोलली ते वाईटच होतं, पण ती काही उमेदवार नव्हती. संदेश तिच्यासाठी नव्हताच. तो टीव्हीसमोर बसलेल्या गोऱ्या मतदारासाठी होता: घाबरू नका, मी यांचं वाद्य वाजवतो, यांचं ऐकत नाही. या चालीला अमेरिकी राजकारणात आजही त्या मुलीच्याच नावाने ओळखतात. सॅक्सोफोन क्लिंटनच्या चरित्रात गेला, शिवी तिच्या.

त्याच्या उलटी गोष्ट आणखी झकास. एन.डब्ल्यू.ए. या कॉम्प्टनच्या गटाने पोलिसांविरुद्ध असं एक गाणं केलं की त्याचं नावही या पानावर छापता येणार नाही. ऑगस्ट १९८९ मध्ये एफबीआयच्या अधिकाऱ्याने कंपनीला नाराजीचं पत्र धाडलं. पुढे मार्च १९९१ मध्ये त्याच गटाचा ईझी-ई वॉशिंग्टनला रिपब्लिकन पक्षाच्या देणगीदारांच्या पंगतीत जेवायला बसला. समोर थोरले बुश. खर्च अडीच हजार डॉलरच्या आसपास. बहुधा पक्षाच्या यादीत त्याचं 'एरिक राइट' असं सभ्य नाव पाहून कुणीतरी पाकीट टाकलं असावं. त्याने पैसे भरले, सूट चढवला आणि गेला. बाहेरचे हिपहॉप वापरतात म्हणून आपण ओरडतो, पण आतल्याने बाहेरच्यांना इतक्या स्वस्तात वापरल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

आतल्यांचं एकमत असतं असंही समजू नका. मार्च २०२० मध्ये बर्नी सँडर्स यांच्या लॉस एंजेलिसच्या सभेत पब्लिक एनिमीचे चक डी 'पब्लिक एनिमी रेडिओ' घेऊन उतरणार होते. त्याच पब्लिक एनिमीचे फ्लेव्हर फ्लेव्ह, म्हणजे गळ्यात घड्याळ लटकवणारे, वकिलामार्फत कळवते झाले की आमचं नाव वापरू नका. मग चक डींनी त्यांना गटातून काढलं. मग महिन्याभराने, १ एप्रिलला, चक डी म्हणाले की हा सगळा बनाव होता. आमच्याकडच्या पक्षफुटीत निदान चिन्ह कुणाचं हे निवडणूक आयोग सांगतो.

*

माझा भाचा रॅप करतो. म्हणजे बेडरूमचं दार लावून मोबाइलमध्ये काहीतरी रागावून बोलतो. त्याला मी म्हटलं, "अरे, हे तुझं आहे का? ब्राँक्सच्या पोरांनी जळक्या इमारतींच्या सावलीत हे उभं केलं, तू सहकारनगरात एसी लावून म्हणतोस."

"मामा," तो म्हणाला, "हिपहॉप म्हणजेच दुसऱ्याचं घेऊन स्वतःचं करणं. सॅम्पल म्हणतात त्याला."

"शेजारच्याच्या झाडाच्या कैऱ्या पाडल्या की आम्हीही तेच म्हणायचो."

पण कार्ट्याचं म्हणणं खरं आहे. हिपहॉपची पहिली पार्टी वाजवणारा कूल हर्क जन्माने जमैकाचा, किंग्स्टनचा. ध्वनिवर्धकांची भिंत उभी करून गल्ली हलवायची ही तिकडचीच रीत. १९८२ चं 'प्लॅनेट रॉक' घ्या, आफ्रिका बंबाटाने त्यात क्राफ्टवर्क या जर्मन मंडळींची सुरावट घातली. कृष्णवर्णीयांच्या या संगीताला सोवळं नेसवायला निघालेल्यांची इथेच पंचाईत होते. सोवळ्याचं कापडच चार घरून मागून आणलंय.

आणि त्या चार घरांत एक घर पेडर रोडचं होतं. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'ॲडिक्टिव्ह' अमेरिकेत गाजलं. रॅप करायला साक्षात राकिम. आणि पार्श्वभूमीवर अखंड वाजणारा आवाज लता मंगेशकरांचा. 'ज्योती' या १९८१ च्या सिनेमातलं बप्पी लाहिरींचं गाणं, संगीतकार डीजे क्विकने टीव्हीवर ऐकून उचललेलं. विचारलं कुणालाच नाही. इकडून दावे ठोकले गेले. फेब्रुवारी २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांनी हुकूम केला की लाहिरींचं नाव छापल्याखेरीज तबकडी विकता येणार नाही. ही तबकडी काढणारी कंपनी होती आफ्टरमॅथ, म्हणजे डॉ. ड्रेंची. म्हणजेच एमिनेमची. जत्रेत आपलं गाणं म्हटलं म्हणून रामस्वामींना पत्र गेलं ते याच बिऱ्हाडातून.

तेव्हा आमच्याकडच्या बऱ्याच मंडळींना वाटलं, वा, दीदींचा आवाज सातासमुद्रापार गेला. काहींना वाटलं, चोर आहेत. दोन्ही वाटणं एकाच माणसाला एकाच वेळी होऊ शकतं, मला झालं होतं. म्हणून 'घेतलंच कसं' हा प्रश्न मला फार वेळ धरून ठेवता येत नाही. गाण्याला पाय असतात, ते जाणारच. मी फक्त पोलिसांची गाडी आली की ती कुणाच्या दारात थांबते, ते बघतो.

*

ती हवानामध्ये कुणाच्या दारात थांबली, ते सांगतो.

क्यूबात हिपहॉप नव्वदच्या दशकात आलं. हवानाच्या पूर्वेला आलामार नावाची सरकारी चाळींची वसाहत आहे, तिथली बहुतेक काळी पोरं गच्चीवर तारा लावून मायामीचा रेडिओ पकडायची. १९९५ मध्ये तिथेच पहिला रॅप महोत्सव झाला. सरकारला आधी ही अमेरिकी रोगराई वाटली, मग वाटलं की रोगाचंच खातं काढावं. २००२ मध्ये खरोखरच 'क्यूबन रॅप एजन्सी' निघाली, सांस्कृतिक मंत्रालयाच्या छत्राखाली. आमच्याकडे अजून ती निघालेली नाही. निघाली तर अर्ज तीन प्रतींत, सोबत 'रागाचे स्वरूप' असा रकाना, आणि बंडखोरीला चालू आर्थिक वर्षापुरती मंजुरी.

एजन्सीच्या बाहेर राहिलेल्यांत लॉस आल्देआनोस हा गट होता. नावाचा अर्थ गावकरी. ते सरकारवर उघड बोलत, त्यामुळे लोकांत लाडके आणि रेडिओवर अदृश्य. त्यांच्यावर २००९ च्या सुमाराला परदेशी पाहुण्यांची दृष्टी पडली.

पाहुणे होते अमेरिकेची यूएसएड. म्हणजे तेव्हाची, दुधाची भुकटी आणि लशी वाटणारी मदतसंस्था. तिने काम दिलं वॉशिंग्टनच्या क्रिएटिव्ह असोसिएट्स या कंत्राटदाराला. त्यांनी पाठवले सर्बियातले संगीतकार्यक्रम भरवणारे. सर्बियाच का? तर २००० साली मिलोशेविचला खाली खेचताना तिथल्या पोरांनी गाण्यांचा चांगला उपयोग केला होता. मग मध्ये पनामातली कागदी कंपनी, बाहेरून सांस्कृतिक देवाणघेवाणीचा रंग. बेत असा की रॅपरांना मोठं करायचं, त्यांच्याभोवती तरुण जमतील, तरुण बदल मागतील, आणि कास्त्रो बंधू टाळ्यांच्या गजरात पायउतार होतील. एखाद्या अधिकाऱ्याने हा बेत आकृती काढून समजावला असेल, बाणांसकट.

दोनेक वर्षं हा खेळ चालला. पुढचं असोसिएटेड प्रेसने डिसेंबर २०१४ मध्ये उघडकीला आणलं. क्यूबाच्या पोलिसांनी कलाकारांना आणि मध्यस्थांना पुनःपुन्हा उचललं, चौकशा केल्या, संगणक जप्त केले. लॉस आल्देआनोसच्या आल्दोलाही पकडून ठेवलं. समुद्रकिनाऱ्यावर भरणारा रोतिया हा स्वतंत्र संगीत महोत्सव होता. त्यात परक्या पैशाचा वास आल्यावर सरकारने तो आयोजकांकडून काढून घेतला. गावकऱ्यांनी शेवटी गाव सोडलं आणि फ्लोरिडा गाठलं. यूएसएडचं म्हणणं, आम्ही काही गुप्त केलं नाही, नागरी समाज बळकट करत होतो. तो इतका बळकट झाला की त्याला देशाबाहेर जावं लागलं.

सर्बियन पाहुणे बेलग्रेडला परत गेले. कंत्राटदाराला पुढची कंत्राटं मिळत राहिली. आणि यानंतर हवानात कुठलाही पोरगा मनापासून सरकारविरोधात रॅप करू लागला की सरकारने आधी विचारायचं: तुझे पैसे कुणी दिले? तो प्रश्न विचारायची सोय परक्यांनीच करून दिली. क्यूबन सरकारला इतकी मदत कुठल्याही सरकारी एजन्सीने केली नसेल.

*

अटलांटा मात्र परक्यांची गोष्ट म्हणता येणार नाही. कमला हॅरिस यांचे वडील कूल हर्कसारखेच जमैकाचे. ३० जुलै २०२४ ला त्यांच्या अटलांटातल्या सभेत मेगन दी स्टॅलियन नाचली, क्वेव्हो बोलला, गर्दी बेहोश. त्याच अटलांटाचा यंग थग त्या दिवशी तुरुंगात होता, मे २०२२ पासून. त्याच्यावर टोळी चालवल्याचा खटला, आणि सरकारी पक्षाच्या पुराव्यांत त्याच्या गाण्यांच्या ओळी. न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या ओळी ज्यूरीपुढे ठेवायला परवानगी दिली होती. ऑक्टोबर २०२४ अखेर त्याने काही गुन्हे कबूल केले आणि तो परिवीक्षेवर सुटला. तो निर्दोष होता की नव्हता, त्यात मी पडत नाही. मला कौतुक एका शहराचं वाटतं, जिथे सभेच्या मांडवात रॅप म्हणजे जनतेचा आवाज आणि दोन रस्ते सोडून कोर्टात रॅप म्हणजे कबुलीजबाब. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदाच केला की गाण्याचे शब्द पुरावा म्हणून ठेवण्याआधी न्यायालयाने दहा वेळा विचार करावा. रामायण गाणाऱ्यावर सीताहरणाचा गुन्हा लावू नये, हे सांगायला विधिमंडळ भरवावं लागलं.

बिचारा मॅक्लमोर. 'बिचारा' मी मनापासून म्हणतोय. सिएटलचा गोरा रॅपर, आणि आपण गोरे आहोत याचं त्याला जेवढं दुःख आहे तेवढं क्वचित कुणाला असेल. २०१४ मध्ये सर्वोत्तम रॅप अल्बमचं ग्रॅमी केंड्रिक लमारला डावलून त्याला मिळालं. त्याने केंड्रिकला खासगीत मेसेज पाठवला की हे तुझं होतं. इथवर ठीक. मग त्या खासगी मेसेजचा फोटो काढून जगाला दाखवला. २०१६ मध्ये गोऱ्यांच्या सवलतींवर जवळजवळ नऊ मिनिटांचं गाणं काढलं, आणि ते त्या विषयावरचं त्याचं दुसरं गाणं होतं. पहिलं २००५ मध्येच झालं होतं. मे २०२४ मध्ये गाझावर 'हिंड्स हॉल' काढलं, उत्पन्न पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला दिलं. हे चांगलं केलं. जाहिरातदार काय म्हणतील असं म्हणत पुष्कळ मोठी नावं गप्प बसलेली असताना केलं. तरी एक खटकतंच. इस्रायलमधल्या लोद गावात डॅम नावाचा पॅलेस्टिनी रॅप गट १९९९ च्या सुमारापासून याच विषयावर अरबीत बोलतोय. जगाने ऐकलं ते सिएटलहून आल्यावर. पण यात मॅक्लमोरचा दोष किती आणि ऐकणाऱ्याचा किती? माझ्या मोबाइलवर मॅक्लमोर आहे, डॅम परवापरवा घेतला.

*

उसनी घेतलेली एक गोष्ट मात्र आमच्या घरची आहे, आणि ती हिपहॉपहून जुनी. १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी निघाली. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि मित्रांनी 'दलित पँथर' काढली. नाव सरळ उचललेलं. ओकलंडला पत्र टाकून परवानगी मागितल्याचं कुठे वाचनात नाही. आज असं काही झालं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, हे तुमचं आहे का? तेव्हा कुणी विचारलं नाही, कारण उत्तर जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींच्या दंगलीत सगळ्यांना दिसलं. भागवत जाधव मोर्चात मारले गेले. नाव अमेरिकेतून आलं होतं, डोकी इथली फुटली. ढसाळ पुढे शिवसेनेच्या व्यासपीठावर दिसले तो भाग वेगळा. भागवत जाधवांना तसं कुठे दिसायची सोय राहिली नाही.

आणि आता आमचे पुढारी. 'गली बॉय' फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. त्यातलं 'आझादी' हे गाणं डब शर्मा आणि डिव्हाइनचं. मूळ घोषणा पाकिस्तानी स्त्रीवाद्यांची, त्यांच्याकडून कमला भसीन यांनी ऐंशीच्या दशकात आणलेली. मग ती जेएनयूत गेली, मग २०१६ मध्ये डब शर्माच्या गाण्यात. 'गली बॉय'मध्ये येताना तिच्यातलं राजकारण धुऊन निघालं. सिनेमा लागून महिना झाला नाही तोच भाजपने ती चाल काँग्रेसवर सोडली आणि काँग्रेसने उलटून भाजपवर. लाहोरच्या बायकांची घोषणा, कुर्ल्या-अंधेरीच्या पोरांचा ठेका, ब्राँक्सची रीत, आणि शेवटी दोन पक्षांच्या आयटी सेलमध्ये तिचा बॅडमिंटन.

चार वर्षांनी, एप्रिल २०२३ मध्ये, छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेने मराठीत, फार काही धुऊन न घेता, खोक्यांवर रॅप केला. अंबरनाथला गुन्हा नोंदला गेला. मुंबईच्या उमेश खाडेवरही गुन्हा. विरोधी पक्षातले नेते धावून आले, अभिव्यक्तीवर भाषणं झाली. त्यातले काही जण सत्तेत असते तर तेही धावले असते, फक्त दुसऱ्या दिशेने. यातल्या कुणालाही रॅपचं वावडं नाही बरं का. नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फलकापुढेही आता 'साहेब, साहेब' असा रॅप वाजतो. बीट तीच, शिव्या वगळून.

भाच्याने परवा विचारलं, "मामा, मी नगरपालिकेच्या खड्ड्यांवर एक करू का?"

मी म्हटलं, "कर. पण आधी आईला विचार, जामिनाला कोण राहणार."

तर रामस्वामींच्या त्या जत्रेची तारीख होती १२ ऑगस्ट २०२३. आदल्याच दिवशी हिपहॉप पन्नास वर्षांचं झालं होतं, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये जंगी सोहळा झाला. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समध्ये, १५२० सेजविक ॲव्हेन्यूच्या इमारतीतल्या मनोरंजनाच्या खोलीत कूल हर्कने बहिणीसाठी पार्टी वाजवली होती. बहीण सिंडी कॅम्पबेल. तिला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. हर्क २०११ मध्ये आजारी पडला तेव्हा त्याच्याकडे आरोग्यविमा नव्हता, चाहत्यांनी पैसे गोळा केले. पण त्या पहिल्या रात्रीचा हिशेब चोख होता. आमंत्रणं सिंडीने हाताने लिहिली होती आणि त्यावर दर लिहिले होते: मुली पंचवीस सेंट, मुलगे पन्नास.